दोन ठिपके

"सिंगल हँड गाडी आहे," कोठुळे म्हणतो,
"फक्त रविवारी निघायची, गंगापूर धरणापर्यंत, परत घरी."
मुंबई नाक्यामागच्या गल्लीत
सकाळी नऊला टाकीवर एवढं पॉलिश
की त्यात माझं टक्कल दिसतं.

मनवा गायधनी माझ्याकडे बघते.
अंबडला कॉइल गुंडाळते, तीन पाळ्यांत.
अठ्ठावीस महिन्यांचे पैसे पाकिटात,
पाकीट जॅकेटच्या आत.
मी म्हणतो, टाकी नंतर बघ.
गाडी पुढून बोलते ते विकणाऱ्याचं. मागे ये.

मागचं चाक स्टँडवर उचललं.
न्यूट्रल. इंजिन बंद.
चाक हाताने, सावकाश,
एक बोट चेनखाली.
सैल, सैल, सैल,
मग एकदम ताठ,
घरात नको तो विषय निघावा तशी,
आणि परत सैल.
चेनचा पूर्ण फेरा. पुन्हा तीच कडी.
तिथे खडूची रेघ ओढली.

"तेल कमी असेल," कोठुळे.

मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीशी
चेन चिमटीत धरून ओढली,
अर्धा दात उघडा पडला.
दात पातळ, एकाच बाजूला कललेले,
वाघनखं झालेली.
ॲक्सल मागे सरकत सरकत शेवटच्या खुणेला टेकलेला.
आता सरकायला जागा नाही.

"चेन ताणली म्हणतात ना," मनवा विचारते.
लोखंड कसलं ताणतं गं.
शंभरावर पिना असतात, प्रत्येक पिन
केसाएवढी झिजते.
त्या केसांची बेरीज म्हणजे ही लांबी.
ती हसत नाही.
अंगठा तर्जनीवर घासते, तार सोडताना घासतात तसा.

पुढचं कव्हर. तीन बोल्ट, आठचा पाना.
आत काळा चिखल, आणि चिखलात
मोरचुदाची निळी झाक.
धरणापर्यंत जायची ना, रविवारी?
मग दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतली फवारणी
इथे कशी पोचली, भूषणराव?
कोठुळे फोन उचलतो. फोन वाजलेला नसतो.

शाफ्टच्या खाचांत लाल भुकटी.
मी बोटावर घेऊन दाखवतो.
हा पावसाचा गंज नाही,
लोखंडाने लोखंडाला खाल्लेलं उरलंय.

आता फक्त ती ताठ कडी राहिली.
चष्मा कपाळावरून खाली ओढला, टॉर्च जवळ नेला.
रिव्हेटच्या डोक्यावर
पंचाने मारलेले दोन ठिपके,
एक खोल, एक उथळ.

असे ठिपके नाशकात एकच माणूस मारतो.
उथळ ठिपका उथळ का,
तर डाव्या मनगटाचं हाड नीट बसलं नव्हतं तेव्हा.

रात्रीचे साडेअकरा, द्वारकेचं जुनं दुकान.
एक पोरगा गाडी ढकलत आला होता,
मागच्या सीटवर द्राक्षाचे क्रेट बांधायच्या दोऱ्या.
खिशात नऊशे रुपये.
मी म्हणालो, तात्पुरती कडी टाकतो,
महिन्याभरात पूर्ण सेट बदल.
घाई होती मला. जरा जास्तच दाबली.
गेला तो, परत आला नाही.
त्या एका ताठ कडीने
इतकी वर्षं बाकीच्यांना एकेक हिसका दिला,
दर फेऱ्याला.

कोठुळे फोन ठेवतो. "मग? काय म्हणता?"

सेट, पुढचा शाफ्ट बघावा लागेल, मागची रबरं:
चौदा हजार कमी कर, नाहीतर राहू दे.
एवढं सरळ निघालं तोंडातून.
बाकीचं अडकलं.
मग मनवालाच सांगितलं, हळू आवाजात,
ही कडी माझी आहे.

तिने पाकीट काढलं नाही.
खाली बसली, जॅकेटची बाही वर केली,
आणि स्वतःचं बोट चेनखाली घालून
चाकाला फेरा दिला.
सैल, सैल.
मी श्वास धरून उभा.